उंटाचे मागचे पाय

ती. ताईस,

धाकट्याचा, कंबर वाकेल तेवढाच नमस्कार. दाजींचा फोन आला होता. ऑपरेशन झालं, गुडघा ठणठणीत आहे, पण तू भीतीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीस म्हणे. मी उपदेश करणार नाही. (तुला उपदेश करून आजवर कुणाचं भलं झालंय?)

आम्ही मजेत. सोफ्याच्या खोळींचं काम जोरात आहे, शिवाय सध्या मी उंट आहे. पूर्ण नव्हे, मागचे पाय. चिमीच्या शाळेच्या नाटकात उंट हवा होता आणि शिवणारा बाप घरचाच, तेव्हा बाईंनी तो माझ्याच गळ्यात मारला. जुन्या पडद्यांचं कातडं, फोमची मदार, झकास जमलं होतं. पण आमच्या लेकीने (वय नऊ, जीभ नव्वदीची) पाय बघितले आणि नापास केले. मागच्या पायाला मी मध्यावर उलटा वाकणारा गुडघा शिवला होता. तर म्हणे तो गुडघा नव्हेच, ती टाच. गुडघा वर पोटापाशी असतो. घोडा जन्मभर नखावर चालतो, कुत्री-मांजरं बोटांवर, आणि अख्खा तळवा टेकतात ती अस्वलं आणि आपण. (दाजींची चाल आठवून मला लगेच पटलं. त्यांना बोलू नकोस.) उंटाला मात्र दोन बोटं आणि खाली गादी, रेतीत रुतू नये म्हणून. गादी म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. चपलांना उशाच शिवल्या.

पुढचे पाय म्हणजे शेजारचा किल्लीवाला. उंट एका बाजूचे दोन्ही पाय बरोबरच उचलतो, हे चिमीने आमच्याकडून घोटून घेतलं होतं. तरी तालमीत त्याने उजवा उचलला आणि मी डावा. उंट मध्यावर उसवला. पुढचा अर्धा फळ्यावर आपटला, मागचा बाईंच्या पायाशी बसला. किल्लीवाला चिडून निघून गेला, आणि नाटक तर रविवारी आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. उंटाला रंगमंचावर एकच फेरी मारायची आहे, तीही रमतगमत. पुढचे पाय तू होशील का? मागून कंबर धरायला मी आहेच, पडलीस तर माझ्यावर पडशील.

ता. क. २. खोटं पचत नाही मला. किल्लीवाला चिडलाबिडला नाही, चिमीनेच त्याला काढलं. मी रागावलो तर म्हणाली, "आत्या एकदा चालू दे, मग त्यांची जागा त्यांना परत देते."