नळीतून उतरलेलं तेल

अंकलेश्वर, ३ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप फोईबांस,
मौलिकचा शि. सा. नमस्कार. जय जिनेंद्र.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. कारखान्यात वायू सुटला आणि बापुजींच्या छातीत गेला. फुप्फुसं पाण्यानं भरली आहेत. श्वास यंत्र देतं, नाकातल्या नळीतून पोटात अन्न जातं. डॉक्टर म्हणाले, अशा फुप्फुसांसाठी वेगळं अन्न येतं, त्यात पिठूळ भाग कमी आणि तेल जास्त. गुण येईलच असं नाही, पण देऊन बघावं. मी विचारलं, तेल कसलं? ते म्हणाले, माशाचं.

फोईबा, जे सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत, त्यांच्या उशाशी उभं राहून मी हो म्हटलं. तेवढ्यात त्यांची बोटं हलली. नर्सबाई म्हणाल्या, गुंगीत हलतात. नळी रात्रीही चालूच असते. संध्याकाळ झाली की मला खिडकीकडे बघवत नाही.

माझं चुकलं असल्यास स्पष्ट लिहावं.

आपला आज्ञाधारक,
मौलिक

जसदण, ९ फेब्रुवारी

चि. मौलिकला कंचनफोईचे पोटभर आशीर्वाद.

हो म्हणून झाल्यावर विचारतोस होय रे? अगदी बापावर गेलास. त्यानंही लग्न ठरवून टाकलं आणि मग माझा सल्ला घेतला. मला माझा भाऊ धीरू जिवंत हवा. शुद्धीवर येऊन विचारलंच, तर दूध होतं म्हणून सांग. पाप मला लागो, असं लिहिणार होते, पण आपल्यात कर्म वाटून घेता येत नाही. तू वेळेवर जेवतोस ना? वाळलेला भाचा मला चालायचा नाही.

लोभ आहेच, तो काय मागायचा.
कंचनफोई

अंकलेश्वर, २८ एप्रिल

तीर्थरूप फोईबांस, शि. सा. नमस्कार.

बापुजी घरी आले हे कळवलंच होतं. त्यांनी विचारलं, मी दूध म्हटलं. त्यांनी मान हलवली.

पण आता ते आयंबिल धरून बसलेत. दिवसातून एकदा उकडलेले मूग, तेल नाही, तूप नाही, दूध नाही. डॉक्टर चिडले, म्हणाले, एवढं करून वाचवलं ते उपाशी मारायला का? छातीत दम नाही, जिना चढवत नाही. मी विनवलं, तर म्हणाले, नवस आहे, तू तुझं ताट बघ. आणि रोज दिवस कलला की ओठ घट्ट मिटतात आणि नाकाजवळ हात नेऊन काहीतरी ओढून काढतात. तिथं काहीच नसतं. मला भीती वाटते. काय करू?

मौलिक

जसदण, ६ मे

चि. मौलिक, आशीर्वाद.

धीरूला मी खडसावून पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं. नवस कसला? त्यानं पडल्या पडल्या सगळं ऐकलं होतं. डॉक्टरांचं, तुझं, माशाचं. तू दूध म्हणालास तेव्हा तुझा चेहरा पडू नये म्हणून गप्प राहिला. तुला सांगू नको, असं बजावलंय. मी सांगते आहे, मला बहिरीला कुठं कुणाचं ऐकू येतं!

उपाश्रयात उतरलेल्या साधू महाराजसाहेबांना विचारून आले. ते म्हणाले, प्रायश्चित्त अंगात बळ आल्यावर, आधी जेवा. हे त्याला तूच सांग. आणि दूध होतं हे आता म्हणू नकोस. ते मी शिकवलेलं, मीच परत घेते.

कंचनफोई

अंकलेश्वर, १५ मे

तीर्थरूप फोईबांस, शि. सा. नमस्कार.

सांगितलं. बापुजी म्हणाले, कंचनच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही. महाराजसाहेबांचा निरोप दोनदा म्हणायला लावला. मग दूध मागितलं. मी तूप घालून दिलं, ते दिवस मावळायच्या आत प्यायले आणि चूळ भरली. आता रोज घेतात. काल जिना चढले.

मी हो म्हटलं तेव्हा त्यांची बोटं का हलली होती, हे विचारायला तोंड उघडलं होतं. धीर झाला नाही. सूर्य कलला की ती बोटं अजून हलतात. मी समोर बसतो आणि बघतो. त्या दिवशी ती थांब म्हणत होती की असू दे म्हणत होती, हे त्यांना विचारू नका. मला कळवू तर मुळीच नका.

बाकी कृपा असावी, आणि नेहमीसारखे रागवत जावे.

आपला,
मौलिक