नाव ठेवणं, नावं ठेवणं

१२ मार्च

प्रिय बारक्या,

प्रभूच्या कृपेने इकडे सगळं ठीक. माझा गुडघा तसाच, जिना तसाच, वरच्या मजल्यावरची बाईही तशीच. तुम्ही तिघं बरे असाल. फोन उचलत नाहीस म्हणजे बरेच असाल. म्हणून हे पत्र.

बाळाचा बाप्तिस्मा ठरला, धर्ममाता म्हणून मी उभं राहायचं ठरलं, इथवर छान. आणि नाव काय, तर थोमा! तेही मला कळलं फादरकडून. सख्ख्या आत्याला सगळ्यांत शेवटी.

मी काय दुधखुळी आहे? प्रभूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा तो शिष्य, त्याच्यासारखी शंकेखोर म्हणून हे नाव मला चिकटवलं कोणी? तूच. ताप आलाय म्हणालास की मी कपाळाला हात लावून बघायचे, शाळा बुडवू द्यायचे नाही, म्हणून. तेव्हापासून घरात मी थोमा. ते कारखान्यात कसं पोचलं देव जाणे, पण आमचा फोरमनही मला थोमाबाई म्हणतो, कारण शिवणीत बोट घालून बघितल्याशिवाय मी एकही शर्ट पुढे सोडत नाही. म्हणू दे. माझ्या हाताखालून गेलेला माल अजून परत आलेला नाही.

पण पेत्र आहे, योहान आहे, आंद्रिया आहे, फिलिप्प आहे. यहूदा वगळला तरी शिष्यांची इतकी नावं पडलेली असताना तुम्हाला नेमकं हेच सापडलं? बारक्या, हे बाळाचं नाव ठेवणं नाही, हे मला नावं ठेवणं आहे. उद्या वहिनी त्याला म्हणेल, 'थोमा, किती रे संशय घेतोस!' आणि बघेल माझ्याकडे. लेकी बोले सुने लागे, मला कळत नाही का?

विषय निघालाच आहे तर आणखी एक. मी दोन टोप्या विणून पाठवल्या होत्या, पिवळ्या, एकाच मापाच्या. एक घालायला, एक धुवायला. तू पाठवलेल्या प्रत्येक फोटोत एकच आहे. कशी ओळखली? तिच्या डाव्या कानावर माझा एक टाका सुटलाय. हसू नकोस. दुसरी कुठे गेली? वहिनीच्या बहिणीचं बाळही याच सुमाराचं आहे, एवढंच म्हणते, पुढचं बोलत नाही. बाळंतपणानंतर मला आठ दिवस येऊ नको म्हणालात, तिच्या आईचा मात्र तिथे मुक्काम. मग माझ्या मनात पाल चुकचुकली तर माझं काय चुकलं?

नाव बदला, नाहीतर धर्ममाता दुसरी बघा.

तुझी ताई
(जिला तुम्ही लोक थोमा म्हणता ती)


२६ मार्च

प्रिय बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. मी पान भरून लिहिलं आणि तुझ्या मोजून दोन ओळी. 'ताई, थोमा म्हणजे काय ते फादरना विचार. टोपी कोणाला दिलेली नाही, ज्याची होती त्याच्याजवळ आहे.'

आधी वाटलं, टाळतोय. बायकोने सांगितलं असेल तेवढंच लिहिलंय. मग 'ज्याची होती' पाशी अडकले. टोपी बाळाची, बाळ घरात, मग 'होती' कशाला? शब्द सरळ नव्हता. चिठ्ठी घडी करून ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

रविवारी मिस्सा संपल्यावर फादरना गाठलं. ते वेदीजवळ सांडलेलं मेण खरवडत होते.

'फादर, थोमा म्हणजे शंकेखोरच ना?'

'कोणी सांगितलं तुला? पेत्र म्हणजे खडक, याकोब म्हणजे टाच धरणारा, आणि थोमा म्हणजे जुळा.'

'आणि मग ती शंका?'

'ती एका आठवड्याची होती गं. नाव जन्माचं. पण लोकांनी बिचाऱ्याला कायमचा शंकेखोर करून टाकलं.'

'जुळा, तर मग त्याचा दुसरा कुठे आहे?'

त्यांचा हात थांबला. 'शास्त्रात तो कुठेच दिसत नाही,' म्हणाले. 'पण याला हाक मारली की कळतं, तो होता.'

मी तिथेच बाकावर बसले. गुडघ्यामुळे नाही.

वहिनीचं पोट एवढं मोठं होतं आणि मी हसून म्हणाले होते, खाऊन खाऊन झालंय. ते आठ दिवस. ती टोपी. बारक्या, दोन होते ना रे?

मला का नाही सांगितलंत, ते विचारत नाही. मला माहीत आहे. मी जिन्यापासून सुरुवात केली असती. वहिनी भरल्या दिवसांत जिना का चढली, डॉक्टर कोण होता, वेळेवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. शिवणीत घालते तेच बोट मी तिच्या जखमेत घातलं असतं, आणि वर म्हणाले असते, मी फक्त विचारतेय. तुम्ही मला लांब ठेवलंत ते बरं केलंत. तरी फार रडले. माझाही कोणीतरी होता आणि मी त्याला बघितलंसुद्धा नाही.

माझं ते पत्र वहिनीला दाखवलं नसशील अशी आशा आहे. दाखवलं असशील तर तिच्या बहिणीबद्दलचं जे लिहिलं, त्यासाठी मी येऊन तिचे पाय धरीन. ती नको म्हणाली तरी धरीन.

बाप्तिस्म्याच्या वेळी फादर विचारतील, 'या बाळाचं नाव काय?' आपल्या फादरना ते धर्ममातेच्या तोंडून ऐकायचं असतं. अजून मला उभं करणार असाल, तर मी 'थोमा' असं म्हणेन की शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जाईल. आणि त्याच श्वासात दुसरं नाव मनातल्या मनात घेईन. म्हणून विचारते, आणि ही शंका नाही रे, खरंच विचारते. त्याचं नाव काय ठेवलंत? ठेवलं नसेल तर वहिनीला ठेवू दे. ती जे ठेवेल त्याला मी नावं ठेवणार नाही.

टोपी त्याच्याजवळच असू दे. ती त्याच्यासाठीच विणली होती मी. मलाच ठाऊक नव्हतं.

तुझी ताई,
दोघांची आत्या