दवाखान्यात नव्हतो, मला उचललं होतं

१ फेब्रुवारी २०१९
आजपासून राग बंद. पक्कं.
कारण तब्येत वगैरे नाही. तब्येत एक नंबर आहे. दिवाळीनंतर डेंगू झाला, तो गेला. फक्त अधूनमधून छातीत कोरड्या विहिरीवरच्या मोटारीसारखं नुसतंच घुरघुरतं, आणि मारुतीच्या पायऱ्या चढताना दम लागतो. पायऱ्याच चढ्या आहेत. ज्यानं बांधल्या त्याला धरून हाणला पाहिजे.
डेंगू तरी कावून झाला? पाऊस नाही, टँकरचं पाणी ड्रमात साठवायचं, आणि त्यात डासांनी पोरं घालायची. तेव्हा मी घरातले ड्रम कुऱ्हाडीनं फोडले. बायको, तुळजाबाई, अजून शेजारणीचा ड्रम मागून आणते आणि मला ऐकवते.
राग बंद करायचं खरं कारण सोसायटी. तेरा तारखेला चेअरमनची निवड. सहा संचालक सुंदररावचे, सहा माझ्या चुलतभावाचे, म्हणजे बन्सीचे. उरलेला मी, अपक्ष. बन्सीनं शब्द दिलाय, दादा, तू मत आमाला दे, खुर्ची तुला. यंदा सोसायटीला चारा छावणी मिळणार. गावची सगळी जनावरं चेअरमनच्या शब्दावर चारा खाणार. अशा माणसानं शांत असावं लागतं.

३ फेब्रुवारी
राग बंद चालू आहे.
सोसायटीचा सेक्रेटरी उत्तरेश्वर, त्याला एक कानाखाली दिली. पण रागानं नाही. चारचौघांत म्हणाला, राधाकिशनराव, तुमी लई वाळले, तब्येत बरी हाय ना? होणाऱ्या चेअरमनला असं विचारतात का? शिस्त म्हणून दिली. छाती अशी उडायला लागली की दुसरी देता आली नाही. त्याचं नशीब.

५ फेब्रुवारी
टँकरवाला सुंदररावच्या आळीत पाइप सोडून निवांत बसलेला. आमच्या आळीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन उन्हात. त्याला समजावून सांगायला गेलो. समजावताना हंडा काचेवर बसला. काच फुटली. तो खाली उतरला, मी कॉलर धरली, दोन ठेवून दिल्या. नाकातनं रक्त आलं त्याच्या. तिसरी द्यायला हात उचलला तर डोळ्यांपुढं अंधारी. मारता मारता खाली बसावं लागलं.
लोकांना वाटलं, दया आली. वच्छलाबाई म्हातारी म्हणाली, राधाकिशन किती मवाळ झाला बाई. हे एक चांगलं झालं.
पण दाखवून यावं लागणार. बीडला नाही. तिथं दवाखान्याच्या बाकावर आमचं निम्मं गाव बसलेलं असतं. हार्टचं नुसतं कानावर गेलं तरी म्हणतील, ह्याला कावून करायचं चेअरमन, उद्या छावणीतच आडवा झाला तर? त्यामुळं सोलापूर. प्रायव्हेट. स्पेशालिस्ट. फोन बंद. तुळजाबाईलाही सांगायचं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

७ फेब्रुवारी, सोलापूर
चौसाळ्याच्या फाट्यावर तोंडाला उपरणं गुंडाळून एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, काका, उपरणं काढा, कुठं जायचं ते ऐकू येईना. काढलं नाही. तीनदा ओरडून सांगितलं. सगळ्या गाडीला कळलं, पण मी कोण ते कळलं नाही.
डॉक्टर बाई निघाल्या. वयानं लहान. काय होतंय म्हणाल्या. म्हटलं काहीच नाही, इकडून चाललो होतो.
मग एका पट्ट्यावर चालवलं. त्रास झाला की सांगा म्हणाल्या. मी कशाला सांगतो! मशिनला हरवायचंच ठरवलं. पळालो, पळालो, आणि मशिननं मला उचलून भिंतीवर घातलं. उठून त्याला लाथ हाणली. अंगठा सुजला. मशिन चांगल्या कंपनीचं आहे.
नंतर ब्रदर म्हणून एक दांडगा गडी वस्तरा घेऊन आला आणि सरळ छातीवरचे केस जागोजागी भादरायला लागला. मी त्याचा गळा धरला. त्यानं एका हातानं माझा हात बाजूला केला, दुसऱ्यानं भादरणं चालूच. शेवटी मीच माघार घेतली, म्हटलं गरीब माणूस आहे बिचारा. छातीवर गोल गोल पट्ट्या चिकटवल्या, वायरी जोडल्या, कमरेला डबी बांधली. उद्यापर्यंत काढायची नाही. ठोके लिहून घेते म्हणे. रात्री इथंच मुक्काम.

८ फेब्रुवारी, सकाळ
जरा फोन चालू केला, तर लगेच बन्सी. रडत होता.
घरात मी नाही, फोन लागत नाही, म्हणून तुळजाबाईनं त्याला गाठलं. निवडीच्या तोंडावर संचालक गायब म्हणजे आमच्याकडं एकच अर्थ. विरोधी पार्टीनं गाडीत घातला, लॉजवर कोंडला, आता मतदानालाच आणणार. बन्सी म्हणाला, दादा, बाजूला माणसं असतील तर नुसतं हो-न्हाई म्हण. सुंदररावनं उचललं ना तुला?
मी छातीवरच्या वायरींकडं बघितलं. दवाखाना म्हणावं तर खुर्ची गेली.
म्हटलं, हो.
एवढाच शब्द. फोन बंद करून टाकला. फार मोठं खोटं नाही. गावी गेलो की हसत हसत मिटवतो.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
बाईंनी डबी बघितली. म्हणाल्या, सकाळी काय केलंत? ठोके एकदम वर गेलेत. म्हटलं, देवाचं नाव घेतलं.
डेंगूनं हृदयाच्या स्नायूला सूज आलीय म्हणे. ठोके चुकतात. तीन महिने आराम. ओझं नाही, धावपळ नाही, राग तर बिलकूल नाही. विचारलं, नुसती शिवी चालेल का? म्हणाल्या, मनातल्या मनात. विचारलं, चेअरमन व्हायचंय, त्याचं काय? म्हणाल्या, आधी जगायचंय का ते ठरवा.
घाबरवायचा धंदा, दुसरं काय. प्रायव्हेटमध्ये असंच. हातापायाला घाम सुटला तो सोलापूरच्या उकाड्यानं. गोळ्या घेतल्या, उगाच बाईंचं मन मोडायला नको म्हणून.

९ फेब्रुवारी, घरी
माझ्यासाठी लढाई झाली! खरी!
काल दुपारी चावडीपुढं. बन्सीची माणसं काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे घेऊन सुंदररावच्या दारात. जीपच्या सगळ्या काचा फोडल्या. सुंदररावचा पुतण्या धर्मराज म्हैस सोडायला बाहेर आलेला, त्याच्या हातावर दांडा बसला. हाड मोडल्याचा आवाज पार देवळापर्यंत गेला म्हणतात. मग तिकडून दगड. बन्सीचं डोकं फुटलं. वच्छलाबाईच्या ओट्यावर एवढं रक्त की ती राख टाकत बसली होती. ऐकून माझे डोळे भरून आले. गावात एवढी किंमत असते माणसाची. धर्मराजचं वाईट वाटलं. हाड काय, जुळतं.
हसत हसत मिटवण्याजोगं राहिलं नव्हतं. मग सांगितलं, लॉजच्या बाथरूमच्या खिडकीतून उडी मारून आलो. कोणीतरी म्हणालं, मारलं का तुमाला? पुरावा म्हणून सदरा काढला. भादरलेली छाती, गोल लाल डाग. एकच बोंब उठली. उत्तरेश्वर म्हणाला, चटके दिले! बन्सी डोक्याच्या पट्टीसकट उठला, मर्दाच्या छातीचे केस भादरले बे ह्यांनी!
पुन्हा दांडे निघाले. मी थांबा थांबा म्हणत होतो, पण दम पुरला नाही. सुंदररावची कडब्याची गंज कोणीतरी पेटवली. दुष्काळात कडबा. जनावरं दावी तोडून हंबरत होती आणि दोन्ही आळ्यांतल्या बायका ड्रममधलं प्यायचं पाणी आगीवर ओतत होत्या. माझी छाती लई धडधडत होती. अभिमानानं असणार.
तुळजाबाई नुसती माझ्या छातीकडं बघत राहिली. धक्का बसला बिचारीला.

११ फेब्रुवारी
ठाण्यातून जमादार आला, सोबत सुंदररावलाही घेऊन. किती माणसं होती? म्हटलं चार. परवा दोन सांगितली होती, पण अंधारात दोन वाढतात. गाडी? पांढरी. तोंडं? बांधलेली. त्यानं लिहून घेतलं आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.
सुंदरराव हात जोडून म्हणाला, राधाकिशन, आईशप्पथ, म्या तुला उचललं न्हाई. अन् तुला उचलून मी काय करू बे?
उचलून काय करू! तेराव्या संचालकाला! उठलो, त्याची गचांडी धरली, आणि माझेच गुडघे गेले. त्यानंच मला काखेत धरून खाली बसवलं, तांब्याभर पाणी पाजलं. जीप फुटली, कडबा जळला, पुतण्याचा हात गळ्यात, आणि हा मला वारा घालत होता. नाटकी माणूस.
पाणी प्यायलो. फार बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, सकाळ
कडक इस्त्रीचा सदरा. भाषण पाठ. सुरुवात अशी, बांधवांनो, मी मरणाच्या दारातून आलोय.

१३ फेब्रुवारी, दुपार
बन्सी चेअरमन. बिनविरोध. सूचक सुंदरराव!
काल दोघांचं मिटलं. अपहरणाची केस मागं, हाताची अन् कडब्याचीही मागं, आणि खुर्ची बन्सीला. माझं मत लागलंच नाही. भाषणही.
बन्सीला गुलालातच बाजूला ओढला. तो म्हणाला, दादा, वाईट वाटून घेऊ नको. ज्याला चौघं येऊन पोत्यागत उचलून नेत्यात, तो छावणी काय सांभाळणार? तिथं रोज डोकी फुटणार. तू आता घरीच बस. तुझ्या दारात माणूस ठेवलाय, पुन्हा कोणी उचलायला नको.
मला कोणी उचललंच नव्हतं, असं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यात गुलाल गेला.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
घरी आलो ते ओरडतच. पोत्यागत म्हणे! हे बन्सीचं डोकं नाही. ज्या हरामखोरानं त्याच्या कानात घातलं त्याचे दात पाडतो आज.
तुळजाबाई भाकरी थापत होती. म्हणाली, पाडा. म्याच सांगितलं.
मग थापता थापताच बोलली. माझ्या बापाची छाती अशीच भादरली होती दवाखान्यात, मला काय कळत न्हाई? खुर्ची मिळाली असती तर तुमी छावणीतच मेले असते. दवाखान्याचं कुणाला बोलले न्हाई, बोलणार न्हाई. पर धर्मराजची माय दिसली की मला तोंड लपवावं लागतं. त्याचं काय करायचं ते तुमी सांगा.
मी ताट उचललं, भिंतीवर घालायला. हात वर गेला आणि छातीत ते घुरघुरणं सुरू झालं. यावेळी मला खरंच भीती वाटली. हात खाली येईना. तिनंच उठून ताट काढून घेतलं, मला भिंतीला टेकवून बसवलं, त्याच ताटात भाकरी वाढली आणि काठाला गोळी ठेवली. खाल्ली.
दारातला माणूस ओरडून विचारत होता, वैनी, दादा हाय ना आत?
ती म्हणाली, हाय.