जनीच्या चपला

मंगळवार, ४ मार्च १९६९. धुळे
व्यायामाच्या नव्या देसलेबाई आमच्या बालगृहातल्या मुलींना खो-खो शिकवणार. म्हणे, खेळानं शिस्त लागते, एकमेकींवर विश्वास बसतो. पहिली निवड कुणाची? जनीची! दोनदा पळालेली पोर, तिला आणखी पळायला शिकवा. तिसऱ्यांदा पळाली तर दूरच्या, कुलपाच्या संस्थेत रवानगी. कागद जाणार माझ्या सहीनं. अधीक्षिका मी, सगळ्यांची अक्का. दे.बाईंना काय, शिट्टी वाजवायची नि हसायचं.

सोमवार, १० मार्च
आज हात लागलेला पंचांना दिसला नव्हता, तरी जनी स्वतःच म्हणाली, "हात लागना माले." आणि बाद होऊन बसली. दे.बाई खूश. मला नाही पटलं. एवढा खरेपणा एकदम कुठून? पाणी कुठेतरी मुरतंय.

शुक्रवार, १४ मार्च
मुरतंयच. जनीनं स्वयंपाकीणबाईंना विचारलं, जळगाव स्टँडपासून असोदा किती लांब. तिथं मावशीकडे तिची धाकटी बहीण. रविवारी सामना जळगावलाच!
दे.बाईंना म्हटलं, हिला वगळा. "अक्का, ती नाही तर संघ नाही."

रविवार, १६ मार्च. परतीच्या एसटीत
खेळ अनवाणी. जनीच्या चपला माझ्या पिशवीत टाकल्या. तिनं पाहिलं. म्हटलं, या उन्हात अनवाणी जाते कुठे!
जिंकलो. बक्षिसाच्या वेळी बघते तर जनी नाही. दे.बाईंचं हसू पार गेलं. एक एसटी सोडली. दुसरी सुटायच्या बेतात असताना जनी लंगडत स्टँडात शिरली. तळपायांना फोड. मारायला उचललेला हात तसाच राहिला.
"बहीणले दखाले गयतू, अक्का."
"पळालीसच ना?"
"चपला तुम्हनाजोडे व्हत्यात ना. मंग मी कोठे जाऊ?"
भोळेपणा की चलाखी? आता दे.बाईंच्या खांद्यावर झोपलीय. मी तोंड निरखतेय. काही कळत नाही.

सोमवार, १७ मार्च
नोंदवहीत कालचं लिहायचंय. 'पळून गेली' की 'उशिरा आली'?
तिनं विचारलं असतं तर सोडलं असतं का मी? नसतं. तिला हे ठाऊक होतं, याचीच लाज वाटते. पण बहिणीला नुसतं बघून आली, की पुढच्या वेळचं काही ठरवून...
संध्याकाळी तिच्या पायांना हळद-तेल लावलं. रकाना अजून कोरा.
पुढचा सामना धरणगावला. दे.बाईंनी यादी दिली, पहिलं नाव तेच. यादी ठेवायला पिशवी उघडली. चपला माझ्याकडेच राहिल्यात. तिनं मागितल्या नाहीत.