अहो, लिसांद्रो

प्रिय लिसांद्रो,

तुम्ही दक्षिणेला गेल्यावर बेकरीत भट्टीपाशी नवा माणूस आलाय. पाव छान करतो, पण तोंड उघडत नाही. इर्माबाई म्हणतात, "याच्यापेक्षा भट्टी जास्त बोलते गं." संध्याकाळी नदीवरून वारा सुटला की मी मागच्या दाराशी जाते. तुम्ही तुमचा तो कडू माते-चहा पीत ज्या पायरीवर बसायचात, तिथे आता पिठाची रिकामी पोती टाकतात. मी ती रोज जराशी सरकवून जागा करून ठेवते. कोणी बसत नाही म्हणा.

मी कोलंबियाहून आले ती निर्धास्त. तुमच्या देशात, इथे रोसारिओतही माझीच भाषा, मग भ्यायचं कशाला? पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही ओमारला ओरडून म्हणालात, "ए येड्या, पीठ आण," आणि तो तिकडून, "आणतो रे मूर्खा, मरतोयस का?" मला वाटलं, आता हे एकमेकांच्या अंगावर जाणार. मी पाव कापायची सुरी उचलून फडताळात लपवली. इर्माबाई पोट धरून हसल्या. "पोरी," म्हणाल्या, "ज्या दिवशी हे दोघे एकमेकांना नावाने हाक मारतील ना, त्या दिवशी सुरी लपव."

मग तुम्ही मला 'जाडे' म्हणालात. "जाडे, तो ट्रे दे गं." मी तेव्हा काडीसारखी होते. घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि रडले. दुसऱ्या दिवशी इर्माबाईंनी माझे सुजलेले डोळे पाहून सगळं काढून घेतलं. म्हणाल्या, "माझा नवरा जाईपर्यंत मला जाडेच म्हणत होता. आता म्हणणारं कोणी नाही." एवढं बोलून त्या गल्ल्याकडे वळल्या. त्यानंतर ज्या दिवशी तुम्ही ती हाक मारली नाहीत, तो दिवस माझा वाईट जायचा.

आणि ती बस! दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि मी मोठ्याने म्हणाले, "निघते, मला बस पकडायचीय." आमच्याकडे बस पकडतात. तुमच्याकडे त्या शब्दाने भलतंच काहीतरी करतात, हे मला कोण सांगणार? रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "आणि ड्रायव्हर काय म्हणतो?" सगळं दुकान हसत सुटलं. तुम्ही तेवढे हसला नाहीत. मला बाहेर नेलंत. कान लालबुंद झाले होते तुमचे. "इथे बस घेतात. पकडत नाहीत. का ते विचारू नकोस." मी विचारलं नाही. तुम्ही थांब्यापर्यंत सोबत आलात, आणि मग रोजच येऊ लागलात.

तेलविहिरींवरची नोकरी चांगली होती, नको म्हणण्यासारखी नव्हती, हे मलाही कळत होतं. स्टँडवर तुमची बॅग आत चढली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ये माझ्याबरोबर. आत्ता नाही तर नंतर ये. नुसतं हो म्हण." मला एवढंच म्हणता आलं, "तुम्ही पोचलात की कळवा. थंडीत जपून राहा तुम्ही." माझ्या मनातलं सगळं त्यात होतं. तुमचा चेहरा मात्र उतरला. "बरं, बाईसाहेब," म्हणालात आणि चढलात. पोचल्याचा निरोप आला. पुढे निरोप कमी कमी होत गेले. मी समजले, तिकडे तुम्हाला दुसरी कोणी भेटली असेल.

शनिवारी तुमची बहीण निल्दा पाव न्यायला आली होती. म्हणाली, ईस्टरला दादा येतोय, पण बेकरीकडे फिरकणार नाही म्हणतो. तिने कारण विचारलं, तर तुम्ही म्हणे म्हणालात, "तिने मला शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हटलं. बँकेतल्या साहेबाला म्हणतात तसं. तिच्या मनात काही असतं, तर एकदा तरी तोंडून 'तू' निघालं असतं." लिसांद्रो, माझ्या हातातली पिशवी हातातच राहिली. फोन केला असता तर मी नुसती रडले असते, म्हणून लिहितेय. आमच्या बोयाकाच्या डोंगरात 'तू' म्हणतात ते शहरातून आलेले, गोड बोलून फसवणारे. घरच्यांना 'तुम्ही'. माझी आई बाबांना जन्मभर 'तुम्ही' म्हणत आली, आम्हा पोरांनाही, आणि कुत्र्यालासुद्धा, "तुम्ही आधी बाहेर व्हा बघू," म्हणून. मला आता 'तू' म्हणता येतं. ओमारला म्हणते, गिऱ्हाइकांना म्हणते, त्या मुक्या भट्टीवाल्यालाही म्हणते. एका तुम्हाला तेवढं म्हणवत नाही. तुम्ही स्टँडवर जे विचारलंत, त्याचं उत्तर 'हो' आहे, तेव्हाही होतं. ईस्टरला बेकरीत या. मी सगळ्यांदेखत तुम्हाला 'तुम्ही' म्हणेन, आणि पुढेही जन्मभर तेच म्हणत राहीन.

तुमचीच,
यामिले