गुप्त अवस्थेतलं बी

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्यानेच नमस्कार. तुझे कान कसे आहेत? फोनवर तू नुसतं 'कोण? कोण?' करतेस, म्हणून पत्र लिहितो. माझी तब्येत ठीक, म्हणजे कालच्याइतकीच वाईट. मागच्या अंगणातलं झाड तोडू का, असं तू विचारलंस, त्याचं शेवटी लिहितो. आधी माझ्या डोक्यावर काय येऊन बसलंय ते ऐक.

आमच्या रोपवाटिकेत बियाण्यांसाठी थंड खोली झाली आहे. (आत गेलं की दात वाजतात. माझे वाजत नाहीत, मी ते बाहेर काढून ठेवतो.) नवे साहेब माझ्या नातवाच्या वयाचे, पण मला काका म्हणतात, आणि काका म्हणणारा माणूस हमखास काम सांगतो. 'काका, टेकडीवरच्या म्हाताऱ्या झाडाचं बी कुठंय?' ते झाड गेल्या वादळात पडलं. त्या जातीचं इथं ते एकच होतं. आता बी सापडलं तर ठीक, नाहीतर ती जात आपल्या हातून कायमची गेली. मी उभा जन्म भांडारात काढला, म्हणून शोधायचं मी. निवृत्त झालो हे फक्त माझ्या पाठीला माहीत आहे.

पण शोधू कुठे? आमच्याकडे बी साठवण्याचा इतिहास म्हणजे बी घालवण्याचाच इतिहास. सुरुवातीला मडक्यात राख घालून ठेवायचे. उंदरांना राखेचं काही वाटत नाही, हे तेव्हा कळलं. मग पत्र्याचे डबे आले. त्यात घाईने ओलं बी भरलं, त्याला बुरशी आली. मग एकदा वरून फर्मान आलं की बियाणे सुप्त अवस्थेत ठेवावे. आमच्या टंकलेखकाने प्रती काढताना 'सुप्त'चं 'गुप्त' केलं. कुणी काही विचारलं नाही (सरकारी बी आहे, असेल काही भानगड). हेडमाळ्याने डबे टाकीमागे दडवले, चौकीदाराने खाटेखाली, आणि मुकादमाने कुठे ते त्यालाच ठाऊक. मोठे साहेब तपासणीला आले, तर हा म्हणतो, 'साहेब, सांगितलं तर गुप्त कसं राहील?' मुकादम गेला, डबे अजून गुप्त आहेत. पुढे फ्रिज आला. त्यात पुढे सगळ्यांचं दूध आणि मागे बी. वीज गेली की लोक दूध तेवढं आठवणीने घरी नेत.

म्हाताऱ्या झाडाचा डबा माझ्या वाट्याला आला होता आणि मी तो तुझ्या माळ्यावर ठेवला होता, हे तुला आठवत असेल. परत न्यायला आलो तर तू म्हणालीस, 'डबा चांगला होता रे, आतला कचरा ओतून दिला.' तेव्हापासून त्यात तुझे सुईदोरे आहेत. मी तेव्हा एक अक्षर बोललो नाही, आजही बोलत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या दडवलेल्या डब्यात त्याचं चार दाणे बी असेल म्हणून परवापासून टाकीमागे, खाटेखाली, कौलांत हात घालून घालून थकलो. एक विंचू सापडला. उद्या साहेबांना कोणतं तोंड दाखवू?

आता तुझं झाड. गुडघ्यांमुळे तुझ्याकडे येणं कधीचंच सुटलं, ते झाड मी पाहिलेलंही नाही. पण त्याच्या फिरक्या शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांत अडकतात आणि ती भांडायला येते, तर खुशाल तोड. लाकूडतोड्या येणारच आहे म्हणतेस, मग झंझट मिटव. या वयात शेजार महत्त्वाचा.

तुझा दमलेला धाकटा भाऊ

ता. क. पाकीट चिकटवताना तुझं पत्र पुन्हा वाचलं, या वेळी चष्मा पुसून. फिरक्या? ताई, म्हाताऱ्या झाडाच्या बीला पंख असायचे, ते गरगरत खाली यायचं! तो कचरा तू मागच्या अंगणातच ओतला होतास ना? आत्ता फोन केला, तू 'कोण?' म्हणालीस आणि ठेवून दिलास. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. त्या लाकूडतोड्याला चहा पाज, भांडण काढ, चक्कर येऊन पड, पण झाडाला कुऱ्हाड लागू देऊ नकोस. मी साहेबांना घेऊन येतोच. गुडघ्यांचं नंतर बघू.

ता. ता. क. साहेबांसमोर 'कचरा ओतला' म्हणू नकोस. 'जमिनीत साठवलं' म्हण. आमच्या एवढ्या इतिहासात नीट साठवलेलं बी तेवढंच. शेजारणीने कपडे झटकले की फिरक्या वेचून त्याच डब्यात टाक. आणि डबा दारासमोर, सगळ्यांना दिसेल असा ठेव.