भाडेकरूंसकट घर

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

केसरबाई ‘हो’ म्हणाली! नेकनूरच्या शिवारातलं तिचं माळरान, विहिरीसकट, आम्हाला देणार. पोरं पुण्यात, रान बघायला कोणी नाही. म्हणाली, “शिवकन्या, तुझी मेंढरं खताला रानात बसली त्या साली माझी ज्वारी लई साधली. रान तुलाच देते. पर पाडव्यापस्तोरच थांबन. पोरं घाई करतेत.”

ह्यांचा गुडघा आता मेंढरांमागं चालत नाही. डॉक्टर म्हणतात, आसारामभाऊ, चालणं बंद करा. धनगराला म्हणे चालणं बंद करा! लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं घर घोड्याच्या पाठीवर. दिवाळी झाली की निघायचं, पाऊस लागला की परत. आता एका जागी थांबता येईल. पाण्याजवळ.

पण त्यासाठी बीडचं घर विकावं लागणार. बार्शी नाक्यामागचं. पोरीच्या शिक्षणासाठी बांधलं होतं. ती शिकली, सासरी गेली. मग भाड्यानं दिलं. त्यात संगीता आणि तिचा रिक्षावाला नवरा हनुमान राहतात. संगीता तिथंच शिकणाऱ्या मुलामुलींची खानावळ चालवते. आणि करार गेल्याच दिवाळीला नवा केलाय — तीन वर्षांचा!

७ फेब्रुवारी

दलाल राधाकिशन घर बघून आला. “मावशी, गिऱ्हाईक तय्यार हाय. हार्डवेअरवाला. भाव बी चांगला देतो. पर घर रिकामं पायजे. पाडव्याला कब्जा.”

मी म्हणाले, भाडेकरूंचा करार आहे.

हसला. “करार कागदावर असतो. पान्याची मोटर बंद करा, आठ दिसात जातेत.”

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

१० फेब्रुवारी

बीडला गेले. संगीताला ‘घर सोडा’ म्हणायला. एस.टी.त सगळ्या वाटेनं वाक्यं जुळवत होते.

पुढच्या खोलीत पोरंपोरी ओळीनं जेवत होती. एकीच्या मांडीवर पुस्तक, हातात घास. संगीता चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तोंड उघडायच्या आत ताट पुढं. “मावशी, आदी जेवा. मग बोला.” भाकरी, शेपूची भाजी, ठेचा. जेवले. आणि मग तर बोलताच येईना!

शेवटी तीच बोलली. “राधाकिशनभाऊ मोजमाप घेऊन गेला. घर इकताय नव्हं?”

मान हलवली.

“तुमचं घर हाय मावशी. सोडतो आमी. फकस्त उद्यापासून बारावीचे पेपर हायत ह्या लेकरांचे. ते हुस्तोर चूल हलवू नगा.”

भाकरी उलटत होती. वर बघितलं नाही तिनं. मी एवढंच म्हणाले — बघू.

बघू! परतताना तोच शब्द चावत होता. आणि येताना संगीतानं ह्यांच्यासाठी भाजी बांधून दिली ती वेगळीच.

११ फेब्रुवारी

हे मेंढरं घेऊन मांजरसुंब्याकडं बसलेत. तिथं गेले. सगळं सांगितलं, मोटरीचंसुद्धा.

हे एका कोकराच्या पायाला हळद लावत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “राधाकिशनपुढं कावून गप बसलीस?”

“रान हातचं जाईल म्हनून.”

कोकरू सोडलं. “किती गावच्या शिवारातून आपल्याला हाकललं? भाकरी तव्यावर असताना तू बिऱ्हाड उचललंय. आता त्या पोरीनं तव्यावरची भाकरी टाकून उठायचं का?”

“मग रान?”

“न्हाई तर न्हाई. मी चालतो अजून.” आणि उठून चालून दाखवलं. चार पावलं टाकली, पाचव्याला माझा खांदा धरला.

हसू आलं. रडूही.

१२ फेब्रुवारी

हार्डवेअरवाल्याला नाही म्हणून कळवलं. राधाकिशन म्हणाला, “येडी हायस का मावशी!”

असेन.

२ मार्च

आता घर विकायचं ते भाडेकरूंसकट. तीन गिऱ्हाइकं आली, गेली. येईल त्याला संगीता चहा देते, सगळ्या खोल्या उघडून दाखवते. दुसरी कोणी असती तर दार लावून बसली असती. पण विचारलं नसताना खरंही सांगते! कालच्याला म्हणाली, मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तो चहा अर्धा टाकून गेला.

मी फोनवर चिडले. “तू माझ्या बाजूनं हायस का त्यांच्या?”

“तुमच्याच, मावशी. उद्या तो तुमच्या दारात भांडाया येईल, त्यापरीस आज गेलेला बरा.”

फोन ठेवला. मघाशी परत केला, आणि उगीच तब्येत विचारली.

१५ मार्च

पाडवा जवळ आला. केसरबाईच्या घरावरून जायची लाज वाटते. आज लांबच्या वाटेनं बाजाराला गेले.

२१ मार्च

संगीताचा फोन. आधी नुसती धापच ऐकू आली. मग — “मावशी, गिऱ्हाईक! उद्या या!”

२२ मार्च

गिऱ्हाईक म्हणजे उमापूरचे सुंदरराव. शेतकरी माणूस, चांगली बागायत. त्यांची मुलगी संस्कृती दोन वर्षं संगीताकडं जेवते. बारावीचे पेपर झाले म्हणून लेकीला न्यायला आले आणि तिथंच जेवायला बसले. वाढता वाढता संगीतानं सांगितलं — हे घर विकायचं आहे, आणि आम्ही त्यात आहोत. भिंतीची ओलही सांगितली म्हणे!

मी गेले तर सुंदरराव ओट्यावर बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. माझ्यासाठी कोणी मोठा माणूस उठत नाही.

“मावशी, माझी पोरगी तापानं फणफणली व्हती. मी पोचस्तोर ह्या बाईनं तिला पेज भरवली, उशाशी बसली. आई नाही माझ्या लेकीला. पोरगी पुढंबी बीडलाच शिकनार. घर घेतो. पर ह्या दोघांना करार संपस्तोर उठवायचं न्हाई, हे माझंच म्हननं हाय. लिहून घ्या.”

हनुमान रिक्षा पुसत होता. पुसलेलीच काच परत पुसायला लागला.

भाव मात्र हार्डवेअरवाल्यापेक्षा बराच कमी. भाडेकरू असलेल्या घराला तेवढाच येतो, सरळ सांगितलं त्यांनी. ह्यांना फोन लावला. वारं लई होतं तिकडं. मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

“दिलं म्हन,” म्हणाले.

२४ मार्च

आज हिंमत करून केसरबाईकडं गेले. म्हटलं, सगळं रान नाही झेपत. अर्धंच घेता येईल. नको असेल तर तसं सांगा.

ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, “इहीर माझ्या वाटनीत राहती. पर पानी तुझंबी. पाईप टाक.”

“आन तुमची पोरं?”

“पोरं पुन्याला हायत. मी हितं हाय.”

पाया पडले. “उठ गं,” म्हणाली, “शेंगा सोलू लाग.”

२८ मार्च

रजिस्ट्री झाली. संगीता सगळ्यांना डबे घेऊन आली होती — आम्हाला, सुंदररावांना, साक्षीदारांना. कागदपत्रं करून दलाली मिळाली म्हणून खूश राधाकिशनलाही!

कारकुनानं कागद वाचून दाखवला. “सध्याचे भाडेकरू कराराची मुदत संपेपर्यंत राहतील...” तिथं संगीता म्हणाली, “दादा, तेवढं परत वाचा.” परत वाचलं. पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, “चटणी घ्या की.”

बाहेर आल्यावर माझा हात धरला. मालकीण-भाडेकरू संपलं आता. मग काय उरलं ते दोघींना कळलं होतं.

३० मार्च, पाडवा

आमच्या रानात आमची गुढी! आजूबाजूला नुसते दगड आणि बाभळी. तरी केवढी उंच वाटली.

सकाळी हे कुणाच्या तरी गाडीवर बसून नारायणगडाला नारळ फोडून आले. आल्यावर बांधावर बसले. बसलेच! “आता कुटं जायचं न्हाई व्हय गं?” म्हणाले. लहान पोरासारखं.

रान अर्धं आहे याचं वाईट वाटायला पाहिजे. वाटत नाही. केसरबाई थांबली नसती तर? सुंदरराव जेवायला बसले नसते तर? आणि त्या दिवशी ह्यांनी कोकरू सोडून मला विचारलं नसतं तर मी मोटर बंद केली असती का? देवा, विचार नको. नव्या रानात पहिला रांजण भरला. पाणी गोड आहे.

९ जून

दुपारी संगीताचा फोन. रडत होती. “मावशी, रागावू नगा. संभाजीनगरला मुलींच्या होस्टेलचं जेवन करायचं काम मिळालंय. लई मोठं काम हाय. ह्या महिन्याच्या शेवटाला घर सोडतोय आमी. तुमी आमच्यापायी अर्धं रान सोडलं, आन मी...”

घर रिकामं! हार्डवेअरवाला हेच तर मागत होता.

ह्यांना सांगितलं. मग असे हसले की चरणाऱ्या मेंढरांनी माना वर केल्या. डोळे पुसत म्हणाले, “रडती कावून ती येडी? इचार, टेम्पो सांगितला का. तवे-पातेली लई हायत तिची.”

परवा आम्ही दोघं बीडला चाललोय. संगीताचं बिऱ्हाड बांधायला. त्या कामात आमच्याइतकं हुशार कोण हाय!